उद्याचं बटण

सगळ्या कोटांची सगळी बटणं लागलेली होती. काजूने दार उघडून दिवा लावला, लोखंडी दांडीवर ओळीने टांगलेले काळे कोट पाहिले आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" असं मोठ्याने निघून गेलं. जिना ती एका दमात चढून आली होती, खालच्या बुटांच्या दुकानातल्या कातड्याचा वास अजून नाकात होता, आणि छाती धडधडत होती ती काही जिन्यामुळे नव्हे. आजचा दिवसच तसा होता. संध्याकाळी शहरातल्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंद वाजवायला बसणार होता तो काजू काम करायची त्या कारखान्यात शिवलेले कोट घालून. आपल्या हातचा कपडा एकदा दाराबाहेर गेला की पुन्हा दृष्टीस पडायचा नाही, याची सवय झालेल्या या मंडळींना चक्क पुढच्या रांगेचे पास मिळाले होते. काजूने तर आठवडाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं: ती व्हायोलिनवाली बाई हात वर करील ना, तेव्हा तिच्या बाहीकडे बघ, ती काजं माझी आहेत. काजं करते म्हणून ती काजू. खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं. सही करताना ते तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं वाटायचं. आता ती कोटांना हात लावत लावत पुढे सरकली, आणि सरकता सरकता तिचं हसू जागच्या जागी थबकलं. ही बटणं आज सकाळी लावायची होती. तिने.

तसा तिथला रिवाजच होता. कुठल्याही कपड्याचं शेवटचं बटण आदल्या संध्याकाळी लावायचं नाही. ते कपड्याच्या खिशात टाकून घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, चहाच्याही आधी, ते लावायचं. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी हे घालून दिलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचे ते मास्तर. मास्तर म्हणजे कापड बेतणारे, कापणारे, साऱ्या कारखान्याचा कणा. "सकाळी हाताला आधी काहीतरी सोपं द्यावं," ते म्हणायचे. "एकदम कोऱ्या कापडासमोर उभं केलं की हात बिचकतो. बटण लावलं की म्हणतो, चला, जमतंय की अजून." त्याला सगळे उद्याचं बटण म्हणत. एखाद्या नव्या माणसाने उत्साहाच्या भरात ते लावून टाकलं, तर मास्तर एक अक्षर न बोलता ते कापून त्याच्या हातावर ठेवत, मग गिऱ्हाईक का दारात ताटकळेना. आणि आज त्यांनी स्वतःच ती सगळी लावली होती. हात त्यांचाच, बटणाखाली दोऱ्याचे वेढे इतके आवळून घेणारा दुसरा माणूस शहरात नव्हता. काल सगळे गेल्यावर ते मागे थांबले असणार. टेबलावर खडूचे तुकडे रंगांनुसार लावलेले होते, झाडून साऱ्या टाचण्या गादीत खोचलेल्या होत्या, कात्रणांची टोपली रिकामी होती. कोट तर दुपारी न्यायचे होते, सकाळी हवा तेवढा वेळ होता. मग ही घाई कशाला? पण सगळं इतकं लख्ख दिसत होतं, आणि तिला आज इतका आनंद झाला होता, की खांद्यावरचा दोरा झटकावा तशी तिने ती शंका झटकून टाकली.

मालकीणबाई आल्या त्या वाऱ्यासारख्या. अंगाने भरदार बाई, आनंद झाला की समोर येईल त्याला मिठी मारायची. त्यांनी आधी काजूला मिठी मारली आणि मग ढोल वाजवणाऱ्या अगडबंब गृहस्थांच्या कोटाला. "मास्तरांनी नियम मोडला? मास्तरांनी? दंड! आज केक त्यांच्या खिशातून!" इस्त्री करणारा वाफ्या त्यांच्या मागोमाग आला, त्याने वाद्यवृंदाच्या संचालकांचा लांब शेपटीचा कोट अंगाला लावून दोन गिरक्या घेतल्या, आणि मालकीणबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. हा गोंधळ चालू असतानाच मास्तर आले. गुळगुळीत दाढी, धुवट शर्ट, त्यावर स्वतः शिवलेला जुना करडा कोट, हातात केकचा खोका, आणि चेहरा असा उजळलेला की तिघंही क्षणभर बघतच राहिली. कारण तो चेहरा या कारखान्यात कित्येक महिन्यांत कुणी पाहिला नव्हता. एका उंची कापडाची बाही त्यांच्या हातून उलटी कापली गेली, तेव्हापासून तो मावळला होता. मालकीणबाई तेव्हा हसल्या होत्या, इतक्या वर्षांत एक चूक म्हणजे माझंच भाग्य थोर म्हणाल्या होत्या, पण मास्तर प्रत्येक माप पुन्हा पुन्हा घेऊ लागले, डबा न उघडता घरी नेऊ लागले, वाफ्याची टिंगल करायचे थांबले. ज्याने त्याने आपापलं निदान केलं होतं: वय झालं, पित्त असेल, डोळे तपासा म्हणावं. आणि आज मास्तर केक कापत होते आणि म्हणत होते, "वाफ्या, तुला मधला तुकडा. कडेचा दिला तर रडशील."

"मास्तर परत आले रे!" मालकीणबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. आणि खरोखर तसंच वाटत होतं. त्यांनी खिशातून कारखान्याची जादा किल्ली काढून मालकीणबाईंच्या हातावर ठेवली, "ठेवा तुमच्याकडे, हिच्या वजनाने खिसा फाटतो." संध्याकाळचा पास काढून वाफ्याला दिला, "बायकोला ने. मला कुठे सूर कळतात?" आणि मग ते काजूच्या मशीनपाशी आले, मधल्या बोटातला पितळी अंगुस्ताना फिरवत फिरवत काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. सुईच्या मागच्या टोकापासून बोट वाचवणारी ती टोपी त्यांच्या बोटावर इतकी वर्षं होती की तिच्या पितळेला सुयांनी देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले होते. हात धुतानासुद्धा ते ती काढत नसत. काजूने पहिल्याच वर्षी एकदा ती मागितली होती, गमतीने, आणि मास्तर म्हणाले होते, "बोट कापून देईन, पण हे नाही." वाफ्याने शिट्टी घातली. मालकीणबाईंचे डोळे पाणावले. "घाल की," मास्तर म्हणाले. "शोभेल तुला."

काजूने तो घातला. अंगभर शहारा आला, खोटं कशाला बोला. इतका आनंद तिला लग्नातल्या अंगठीनेही झाला नव्हता. पितळ आतून कोमट होतं, मास्तरांच्या बोटाची ऊब अजून त्यात होती, आणि तो तिला सैल होत होता, म्हणून तिने मूठ वळली. मूठ वळली आणि तिला ती ऊब ओळखीची वाटली. ऊब नव्हे; दुसरं काहीतरी, त्या देण्यातलं. हे असं हलक्या हाताने, हसत, जणू पाहुणा निघताना टोपी उचलतो तसं देऊन टाकणं तिने कुठे पाहिलं होतं? पाहिलं नव्हतं, केलं होतं. छातीतली ती सकाळची धडधड, तीच, तेवढ्याच वेगाची, तोंड फिरवून उलटी धावू लागली. समोर वाफ्या केक खात होता. मास्तर त्याच्या मिशीवरचं क्रीम दाखवून हसत होते. लख्ख टेबल, रिकामी टोपली, खिशात एकही बटण नाही. या खोलीत उद्यासाठी मास्तरांनी काही म्हणजे काही ठेवलेलं नव्हतं.

त्या हलकेपणाची चव तिला ठाऊक होती. तिच्यावर ती वेळ आली तेव्हा तिचं सगळं ठीक होतं, हेच तर अवघड होतं. नवरा सरळ, घर लहान पण हसतं, हाताला काम. आणि तरी अन्न तोंडात ओल्या कापसासारखं फिरायचं, रात्रभर छताकडे बघत पडायचं, सकाळी पाय जमिनीला लावायचे म्हणजे डोंगर. हे कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं? मला काही झालेलं नाही आणि मला सहन होत नाही, असं? मग एक दिवस तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि काय आश्चर्य, धुकं उठलं. तिने पडदे धुतले. शेजारणीची वाटी परत केली. केस विंचरले. नवरा म्हणाला, आज कशी छान दिसतेस, आणि बिचारा शीळ घालत कामावर गेला. लहानपणापासून जमवलेली सुट्या बटणांची काचेची बरणी, शिंपल्याची, शिंगाची, काचेची बटणं, कुणाला हात लावू दिला नव्हता अशी, ती उचलून ती नणंदेकडे घेऊन गेली आणि म्हणाली, वन्सं, ही तुम्हाला. वन्सं बसमध्ये कंडक्टर. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूस दचकून पैसे काढायचा. त्या मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी बरणीकडे पाहिलं, हिच्या विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, हातातली शेंग फोडली आणि विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का गं तुझ्या?" कुठे उतरणार, विचारावं तसं. हिला आधी राग आला. मग तोंडातून "हो" पडलं. पडलं म्हणजे अक्षरशः पडलं, पायाशी, आणि ते बाहेर पडल्याबरोबर तिला पहिल्यांदा कळलं की ते आत किती जड होतं.

वन्सं ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नवऱ्याचा तरी विचार कर म्हणाल्या नाहीत. "कधीपासून?" एवढं विचारलं, आणि "आज मी तुला नजरेआड करत नाही," एवढं सांगितलं, आणि मटाराची अर्धी रास हिच्याकडे सरकवली. संध्याकाळी दोघी डॉक्टरकडे गेल्या. एका खेपेत काही झालं नाही, ते कुणाचंच होत नसतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, बोलायला बसलं की निम्मा वेळ रुमालच कुस्करला जायचा, मध्येच पुन्हा काळं यायचं. पण हळूहळू मीठ खारट लागू लागलं. बरणी मात्र वन्संनी परत दिली नाही. प्रत्येक भेटीला चार-दोन बटणं तिच्या हातावर ठेवायच्या. "एकदम देणार नाही. ये, आणि घेऊन जा." अजूनही त्यांचा फोन येतो तो हॅलो न म्हणता, "काय, आज हवा कशी आहे?" आणि ही खरं ते सांगते, ढगाळ तर ढगाळ. कारखान्यात मात्र तिने तेव्हा सांगितलं होतं, कावीळ झाली. कावीळ म्हटलं की लोकांना कळतं. मास्तरांनी तर पथ्याची भली मोठी जंत्री पाठवली होती.

आता मास्तर वाफ्याला निरोप द्यावा तसं खांद्यावर थोपटत होते आणि काजू कोटांना कागद गुंडाळत होती, आणि तिच्या डोक्यात दोन बायका कडाकडा भांडत होत्या. तुला आपली दिसेल तिथे तुझीच सावली, एक म्हणत होती. माणूस महिन्यांनी हसला तर तुझ्या पोटात दुखतंय. विचारलंस आणि तसं काही नसलं तर? तोंड दाखवायला जागा उरायची नाही. आणि मनात नसलेलं तूच घातलंस तर? यावर दुसरी म्हणाली, आणि तिचा आवाज वन्संसारखा होता: तुझ्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? विचारल्याने ते मनात शिरत नाही. शिरलेलं असलं तर त्याला दार मिळतं. तसं नसेल तर मास्तर तुला वेडी म्हणतील. म्हणू देत की. तू वेडी ठरलीस तर काय बिघडलं, आणि बरोबर असलीस तर? कागदाचा कोपरा तिच्या हातात टरकन फाटला. "काजू, अगं हळू," मालकीणबाई म्हणाल्या, आणि तिने मान वर केली तर मास्तरांच्या टेबलापाशी कुणी नव्हतं.

"गेले की," वाफ्या म्हणाला. "जरा काम आहे म्हणाले. तुम्हाला हात केला त्यांनी, तुमचं लक्ष कुठंय?"

ती धावली. कोट टेबलावर, दोरा दातात, सुई गळपट्टीत खोचलेली, बोटात तो सैल अंगुस्ताना. जिन्यात तो दोनदा निसटला आणि दोनदा तिने तो झेलला, आणि मालकीणबाई वरून ओरडत होत्या, अगं कुठे चाललीस, चपला तरी घाल! चपला नव्हत्याच पायात. रस्ता नेहमीसारखा भरलेला, भाजीच्या पिशव्या, सायकली, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि तिला प्रत्येक पाठ करडी दिसत होती. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, कळत नव्हतं. इतकं जिवंत तिला कधीच वाटलं नव्हतं, तळव्याला टोचणारा खडासुद्धा स्पष्ट. डावीकडे की उजवीकडे? घर डावीकडे. ती डावीकडे वळली, एका गृहस्थावर आदळली, माफ करा म्हणायलाही थांबली नाही, आणि खेळण्यांच्या दुकानापुढे तिला ते दिसले. काचेआड एक लाकडी माकड झोका घेत होतं आणि मास्तर त्याच्याकडे बघत उभे होते, हात मागे बांधून, अगदी निवांत.

"मास्तर!" धाप लागल्याने तिला पुढचं सुचेना. "बरं आहे ना तुमचं?"

"झकास," मास्तर म्हणाले. "तू अनवाणी का?"

चुकलाच प्रश्न. झकास हे उत्तर त्या प्रश्नाच्या पोटातच बसलेलं असतं; तिने स्वतः ते किती जणांना दिलं होतं. तिने श्वास घेतला. मटाराची शेंग आठवली.

"मास्तर, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

बाजूने जाणारी एक बाई पिशवी सावरत वळून बघू लागली. बघू दे. मास्तरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्याच्या मागून माणूस निघून गेला. माकड दोनदा गेलं, दोनदा आलं.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"बटणांनी."

"काहीतरीच बोलतेस." आता ते रागावले. "जा, कोट बांध आधी. माणसाने जरा आवरून ठेवलं तर यांच्या डोक्यात काय काय. जा म्हणतो ना!"

"मास्तर, मला कावीळ नव्हती झाली."

"म्हणजे?"

"त्या वेळी. दोन महिने आले नव्हते ना मी. कावीळ नव्हती. तुमच्यासारखंच झालं होतं. मीपण सगळं आवरलं होतं. पडदेसुद्धा धुतले होते."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग मी सांगितलेलं ते पथ्य?"

"पाळलं की सगळं. तेल बंद, तूप बंद. वाळून काटकी झाले होते तुमच्या पथ्याने."

त्यांना हसू आलं. खरं हसू, नाकातून फुटलेलं. आणि ते अर्ध्यावर वेडंवाकडं झालं, खांदे हलू लागले, आणि हा ताठ माणूस दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. काजू शेजारी बसली. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हा विचार तिने केला नाही, ठेवला. मग ते बोलले. "त्या बाहीचं नाही गं. बाही निमित्त झाली. सुलट कुठली, उलट कुठली, तेच कळेनासं झालंय, कापडाचं नाही, सगळ्याचंच. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. मग परवा ठरवलं, आणि झोप लागली. किती दिवसांनी झोप लागली, काजू."

"माहीत आहे मला ती झोप." मग तिने विचारलं, कारण हेही विचारावं लागतं, "आज?"

मास्तरांनी मान हलवली. आज.

"मग आज मी तुम्हाला सोडत नाही."

"अगं, संध्याकाळी तुझा कार्यक्रम."

"कार्यक्रम गेला खड्ड्यात," काजू म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की हे म्हणताना तिला काडीचं वाईट वाटलं नाही. तिने वन्संना फोन लावला. वन्संचा आवाज फोनमधून रस्त्यावर सांडला, काय, हवा कशी आहे? आणि हिने सांगितलं, दोन वाक्यांत. मग: "दे त्यांना. मास्तर? मी हिची नणंद. तिथेच बसा, उठू नका, मी आज सुट्टीवर आहे, आले मी. सकाळपासून पोटात काय गेलंय?" मास्तर चाचरत म्हणाले, "केक." "केक काय खाणं आहे?" वन्सं गरजल्या, आणि मास्तर शाळेतल्यासारखे "नाही" म्हणाले. फोन परत दिल्यावरही त्यांचा हात तिच्या हाताजवळच राहिला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने वाकून त्यांच्या करड्या कोटाचं सगळ्यात खालचं बटण धरलं आणि दाताने त्याचा दोरा तोडला. चांगला दणकट दोरा, मास्तरांच्याच हातचा, दात दुखले.

"काय करतेस!"

"उद्याचं बटण." तिने ते खिशात टाकलं. "उद्या सकाळी या आणि लावून घ्या. आणि हा तुमचा अंगुस्ताना घ्या परत, सैल होतो मला."

मास्तर कोटाच्या उघड्या टोकाकडे बघत राहिले. गिऱ्हाईकाच्या कोटात खोट दिसावी तसा त्यांच्या कपाळावर आठी चढली. त्या हसण्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली ती दुसरी खरीखुरी गोष्ट होती, असं काजूला वाटलं. मालकीणबाईंना काय सांगू, तिने विचारलं. "मन बरं नाही म्हणून सांग," ते म्हणाले. "कावीळ नको सांगूस. पथ्य पाळावं लागेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही तोच प्रश्न विचारला, जवळपास त्याच शब्दांत, आणि दुसऱ्यांदा मास्तरांना उत्तर द्यायला कमी त्रास झाला. बाहेर बाकावर वन्सं आणि काजू, मध्ये डब्यात मास्तरांसाठी ठेवलेलं खाणं. खोकणारी माणसं, पाय प्लास्टरमध्ये घातलेला मुलगा, सगळे त्यांच्याच रांगेत. गोळ्या मिळाल्या, लवकरची पुढची भेट मिळाली, कुठल्याही वेळी उचलला जाणारा फोननंबर मिळाला, आणि एकटं राहायचं नाही अशी तंबी. मास्तर त्यांच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. त्या आक्कांनी सगळं ऐकलं, पदर खोचावा तशा उठल्या आणि डॉक्टरांनी धोक्याचं म्हणून सांगितलं ते ते घरातून बाजूला करून शेजारी ठेवून आल्या. संध्याकाळी काजू त्यांच्याच स्वयंपाकघरात बसली होती, मास्तर खिडकीशी, आणि फोन वाजला. मालकीणबाई. त्यांचा आवाज कुजबुजता आणि रडका, "मास्तरांना म्हणावं, मी ऐकवते, फोन धरून ठेवते," आणि मग दूरवरून, विहिरीतून यावेत तसे, सूर. कितीतरी माणसं एका वेळी काहीतरी करत होती आणि ते जमत होतं. आक्का डोळे पुसू लागल्या. मास्तर मान खाली घालून ऐकत होते, चेहऱ्यावर काही नाही, काहीच नाही. काजूला वाटलं, फोन ठेवावा. तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांना विचार, संचालकांनी हात वर केला की काखेत ओढ बसतेय का."

काजूने विचारलं. पलीकडून मालकीणबाई कुजबुजल्या, आणि काजू जवळजवळ ओरडलीच, "नाही म्हणे! हात वर जातोय आणि कोट जागचा हलत नाहीये!"

"हं," मास्तर म्हणाले. "मला वाटलंच होतं, कोट नीट बसेल म्हणून." आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

सकाळी काजू कारखाना उघडण्याच्या कितीतरी आधी जिन्यात जाऊन बसली. बटण मुठीत होतं, घामाने ओलं. काल एवढं सगळं झालं, म्हणून आज काही होणार नाही असं नसतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. आक्कांचा सकाळी फोन आला होता, रात्र गेली, चहा घेतला. तरी जोवर डोळ्यांना दिसत नाही तोवर तिच्या जिवात जीव नव्हता. वाफ्या आला, तिच्याकडे बघून शेजारी बसला. मालकीणबाई आल्या, त्याही बसल्या, जिना अडवून, तिघंही पायऱ्यांवर, कालच्या कार्यक्रमाचा एक शब्दही कुणी काढला नाही. आणि मग खालून पावलं. जड, सावकाश, मध्येच थांबणारी, आणि त्यांच्याबरोबर आक्कांची. काजू उठली, तिला वाटलं आपण आता किंचाळणार, आनंदाने, भीतीने. वळणावर मास्तर दिसले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, कालचं ऊन कुठल्या कुठे गेलेलं. तिला तो चेहरा कालच्यापेक्षा शंभर पटीने आवडला.

"बटण," ते म्हणाले.

तिने चहाच्या आधी ते लावलं. सुई तीनदा बोटात घुसली, आणि मास्तर वरून बघत म्हणाले, "वेढे कमी पडतायत." तिने आणखी वेढे घेतले. दिवसभर त्यांनी काही केलं नाही. खिडकीपाशी बसून राहिले, वाफ्याने दिलेला चहा गार करून प्यायले, एकदा कात्री उचलली आणि परत ठेवली. मालकीणबाई एकदाही त्यांना हसवायला गेल्या नाहीत, हे त्यांच्यासाठी मोठंच होतं. उन्हं उतरायच्या आत आक्का न्यायला आल्या. मास्तर उठले, दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत काजूच्या मशीनपाशी आले. तिची छोटी कात्री त्यांनी उचलली, कोटाचं खालचं बटण चिमटीत धरलं, सकाळी तिने इतक्या कष्टाने घेतलेले वेढे एका झटक्यात कापले, आणि ते बटण तिच्या हातावर ठेवलं.

काजूने मूठ मिटली. मास्तर आक्कांच्या मागोमाग जिना उतरू लागले, आणि ती खालचं दार वाजेपर्यंत त्यांची पावलं ऐकत उभी राहिली.